रस्सा मिळून येत नाही? खसखस, काजू, खोबरं, कॉर्नफ्लोअर संपलं असेल तेव्हा काय घालायचं

रस्सा उकळला, मीठ-तिखट जमलं, रंगही आला. पण वाटीत वाढल्यावर पाच मिनिटांत वर पाणी आणि खाली चोथा. अशा वेळी हात आधी कॉर्नफ्लोअरच्या डब्याकडे जातो, डबा रिकामा असला तर मैद्याकडे. त्याने रस्सा दाट होतो खरा, पण तवंग नाहीसा होतो, रंग मळकट दिसतो आणि तिखट मंद लागतं. मग वरून पुन्हा चटणी, पुन्हा मीठ, आणि शेवटी पातेल्यात जे उरतं ते धड रस्साही नसतं आणि ग्रेव्हीही नसते.

खाली दिलेल्या प्रमाणांत चमचा म्हणजे ५ मिलीचा आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, दोन्ही सपाट भरलेले. घरातला पोह्यांचा चमचा या दोन्हींच्या मधला असतो आणि प्रत्येक घरात वेगळा, म्हणून एकदा मोजून ठेवलेला बरा.

आधी दुखणं कोणतं ते ठरवा

कोल्हापुरी तांबडा रस्सा मुळातच पातळ असतो. तो वाटीने प्यायचा, भाकरी कुस्करून त्यात भिजवायची. हॉटेलातल्या पनीरच्या भाजीइतका तो दाट करायला गेलं तर तो बिघडलाच म्हणायचा. म्हणून ‘पातळ आहे’ ही तक्रार आणि ‘मिळून आला नाही’ ही तक्रार वेगवेगळ्या धरा, कारण त्यांचे उपायही वेगळे आहेत.

चाचणी सोपी आहे. स्टीलच्या वाटीत रस्सा घेऊन पाच मिनिटं न हलवता ठेवा. वर लाल तेलाचा थर, त्याखाली सगळीकडे सारखा गढूळ रस्सा आणि तळाला अगदी थोडा गाळ दिसला तर रस्सा मिळून आलाय. तो पातळ वाटत असेल तर झाकण काढून आटवा, दुसरं काही घालू नका. तेलाखाली स्वच्छ पाण्याचा थर आणि तळाला बोटभर चोथा दिसला तर दोष वाटणात आहे. तेल वर आलंच नाही आणि रस्सा फिका असेल तर वाटण परतायला कमी पडलंय. त्यावर कुठलंही पीठ चालत नाही.

कुकरमध्ये केलेला रस्सा पातळ होण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की बंद कुकरमधून वाफ जवळजवळ जात नाही. पातेल्यात ज्या कृतीला दीड लिटर पाणी लागतं तिला कुकरमध्ये सव्वा लिटर पुरे होतं. शिवाय कांदा-टोमॅटो आणि मटण स्वतःचं पाणी सोडतात ते वेगळंच. शिट्ट्या झाल्यावर झाकण काढून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं उकळू द्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

कोणता जिन्नस काय काम करतो

बदली जिन्नस निवडायचा तर तो रस्सा कसा दाट करतो हे माहीत हवं. एरवी ‘खसखस नाही, मैदा चालेल का’ असल्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

मैदा, कॉर्नफ्लोअर, तांदळाचं पीठ, आरारूट, बटाटा हे सगळे पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे. पिष्टाचे कण गरम पाण्यात फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. हे फुगणं साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान सुरू होतं, पण पूर्ण दाटपणा उकळी यायच्या सुमारास मिळतो. फुगलेलं पिष्ट पाण्याबरोबर तेलाचे थेंबही अडकवतं, ते वर येऊ देत नाही. तवंग जातो तो यामुळे. दाट झालेल्या द्रवातून मीठ-तिखटही जिभेपर्यंत हळू पोचतं, म्हणून चव मंदावल्यासारखी लागते.

खोबरं, तीळ, खसखस, काजू, मगजबी (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया), शेंगदाणे हे तेलबियांचे. यांचे बारीक कण आणि त्यातलं तेल मिळून रस्सा गढूळ आणि भरीव करतात. पिष्ट फारसं नसल्यामुळे चिकटपणा येत नाही, आणि परतताना यांचंच तेल सुटून तवंगात भर पडते. कोल्हापुरी वाटण या गटावर उभं आहे. यातला एक जिन्नस संपला तर बदली याच गटातून घ्यायची, पिठाच्या डब्यातून नव्हे.

तिसरा गट डाळींचा: पंढरपुरी डाळं, बेसन, शिजवलेली हरभरा डाळ, मसूर. यांच्यात पिष्टही आहे आणि प्रथिनंही, त्यामुळे थोड्याशा मापात चोथा आणि पाणी बांधलं जातं. राहिला कांदा. तो चांगला तपकिरी परतून गंधासारखा वाटला तर रस्सा धरायला त्याचाही मोठा हात असतो. कांदा कच्चट राहिला की खोबरं कितीही घाला, रस्सा फुळकवणीच लागतो.

वाटणातला एखादा जिन्नस नसेल तर

एक लिटर तांबड्या रश्शाला साधारण ५० ग्रॅम सुकं खोबरं, दोन मध्यम कांदे, दीड मोठा चमचा तीळ, एक मोठा चमचा खसखस, दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर आणि दोन ते तीन मोठे चमचे कांदा-लसूण चटणी हे माप धरलं आहे. प्रत्येक घराचं माप निराळं असतं, पण बदली मोजायला कुठला तरी पाया हवा.

सुकं खोबरं नसेल आणि ओला नारळ असेल तर वजन दुप्पट घ्या, म्हणजे ९० ते १०० ग्रॅम. ओल्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं. ते खवून कोरड्या कढईत मंद आचेवर गुलाबी होईपर्यंत भाजा. पंधरा मिनिटं लागतात, घाई केली तर कडा जळतात आणि आत ओल राहते. चव थोडी गोडसर येते, तेव्हा चटणी अर्धा चमचा वाढवा. हा रस्सा लवकर आंबतो, विशेषतः उन्हाळ्यात. त्याच दिवशी संपवा किंवा लगेच फ्रिजमध्ये ठेवा. डेसिकेटेड कोकोनट असेल तर ५० ग्रॅमला ५० ग्रॅम चालतं. मात्र ते दोन-तीन मिनिटांतच भाजून होतं, आणि त्यात कधी साखर मिसळलेली असते, म्हणून पाकीट वाचून घ्या.

खोबरं अजिबात नसेल तर ४० ग्रॅम खरपूस भाजलेले, सालं काढलेले शेंगदाणे. यातही तेल भरपूर, वजनाच्या जवळपास निम्मं, त्यामुळे तवंग छान येतो. पण चव शेंगदाण्याकडे झुकते आणि रस्सा गार झाल्यावर अपेक्षेपेक्षा दाट होतो. मटणाच्या रश्शाला हा बदल ओढून-ताणून केलेला वाटतो. वांगं, मटकी, शेवग्याच्या शेंगा यांना शोभतो. मटणासाठी ३० ग्रॅम शेंगदाणे आणि एक मोठा चमचा जादा तीळ असं विभागून घातलं तर शेंगदाणा पुढे येत नाही.

खसखस महाग झाली की ती सगळ्यात आधी वगळली जाते. एक मोठा चमचा खसखशीच्या जागी दीड मोठा चमचा मगजबी किंवा आठ काजू. तीळही चालतात, पण वाटणात आधीच तीळ असतील तर एकूण अडीच मोठ्या चमच्यांपुढे जाऊ नका, त्यापुढे कडवट झाक लागते. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवा. गरम कढईत सोडून दिले तर आच बंद असूनही करपतात. आखाती देशांत किंवा सिंगापूरला राहणाऱ्यांना बॅगेत खसखस नेता येत नाही, तिथे तिच्यावर बंदी आहे. त्यांच्यासाठी मगजबी हाच कायमचा उपाय.

खसखस असूनही रस्सा धरत नसेल तर बहुधा ती वाटलीच गेलेली नाही. कोरडी खसखस मिक्सरच्या पात्याखालून तशीच निसटते. हलकी भाजा, गरम पाण्यात तासभर भिजवा, मग चटणीच्या लहान भांड्यात दोन चमचे पाणी घालून एकटीच वाटा.

काजूला तर आपल्या कोल्हापुरात काजू पिकवणाऱ्या आजरा-चंदगडचा शेजार आहे. रश्शासाठी अख्खे महाग काजू घ्यायची गरज नाही, तुकडा चालतो. शेंगदाणे किंवा काजू ज्यांना चालत नाहीत असे कोणी पंगतीत असतील तर त्या रश्शात पंढरपुरी डाळं वापरा, आणि तीळही विचारूनच घाला. वाटणात काय आहे हे रस्सा बघून कुणालाच ओळखता येत नाही.

चोथा खाली बसतो: वाटायची चूक

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि तिच्यावर पैसे खर्च करून नवा जिन्नस आणायची गरज नसते. पाट्यावर वाटताना खोबरं दगडाखाली चेचलं जातं, त्याचं तेल सुटतं आणि वाटण आपोआप एकजीव होतं. मिक्सरचं पातं कापतं. त्यात सुरुवातीलाच पाणी आणि कांदा घातला की खोबऱ्याचे तुकडे पाण्यात नुसते गरागरा फिरतात, बारीक होत नाहीत. असे कण रश्शात कितीही उकळा, मऊ होत नाहीत. तळाला बसतात आणि दाताखाली येतात.

म्हणून क्रम पाळा. भाजलेलं खोबरं आणि तीळ पूर्ण गार करून कोरडेच फिरवा. दहा-दहा सेकंद, मधे थांबून कडा खरवडायच्या. भुकटी ओलसर व्हायला लागली, भांड्याला तेल दिसलं की थांबा. मग परतलेला कांदा, आलं, लसूण आणि कोथिंबीर घालून पाण्याशिवाय फिरवा. शेवटी पाणी, तेही दोन-तीन मोठे चमचेच. चिमटीत घेऊन बोटं चोळल्यावर रवाळ लागलं तर आणखी फिरवायचं.

रस्सा होऊन गेल्यावर हे लक्षात आलं तर तळातून दोन-तीन पळ्या चोथा काढा, कोमट होऊ द्या आणि पुन्हा वाटा. एक मोठा चमचा पंढरपुरी डाळं त्याच भांड्यात घातलं तर आणखी चांगलं. हे वाटण गाळणीतून दाबून रश्शात सोडा आणि सात-आठ मिनिटं उकळा. उकळता रस्सा मिक्सरमध्ये घालू नका, वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो.

वाटण बारीक असून तवंग येत नाही, रस्सा फिका राहतो, तेव्हा परतणं बघा. एक लिटरच्या वाटणाला किमान चार मोठे चमचे तेल आणि मध्यम-मंद आचेवर दहा ते बारा मिनिटं लागतात. वाटण कढईची कड सोडतं, गोळा होतं आणि बाजूने तेल सुटतं, मग चटणी. चटणी घातल्यावर एक मिनिटाच्या वर परतू नका, तिखट करपून रंग काळपट होतो. पाणी किंवा अळणी (मटण शिजवलेलं पाणी) उकळतंच घालायचं. थंड पाणी घातलं की सुटलेलं तेल परत वाटणात जाऊन बसतं आणि तवंग यायला दुप्पट वेळ लागतो.

पीठ लावायचंच असेल तर

पाहुणे दारात आहेत, वाटण पुन्हा करायला वेळ नाही, तर पीठ लावण्यात काही पाप नाही. फक्त कुठलं आणि किती हे बघून. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर जेवढं दाट करतं तेवढ्यासाठी आरारूट किंवा बटाट्याचं पिष्ट एक मोठा चमचा किंवा त्याहून थोडं कमी, तांदळाचं पीठ किंवा मैदा दोन, बेसन किंवा डाळ्याचं पीठ अडीच ते तीन मोठे चमचे लागतं. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं नुसतं पिष्ट. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून पिवळं मक्याचं पीठ आणून ते कॉर्नफ्लोअर म्हणून वापरलं तर रस्सा रवाळ होतो. तो जिन्नसच वेगळा.

रश्शाला सॉसइतका दाटपणा नको असतो, नुसतं बांधायचं असतं. एक लिटरला एक मोठा चमचा तांदळाचं पीठ किंवा दीड मोठा चमचा डाळ्याचं पीठ पुरतं. आमची पसंती डाळ्याला. ते आधीच भाजलेलं असतं, कच्चा वास येत नाही, पाच मिनिटांत काम होतं आणि तांबड्या रंगात दिसून येत नाही. बेसन कोरडं भाजून घेतल्याशिवाय घालू नका, आणि घातल्यावर दहा मिनिटं उकळा, नाहीतर रश्शाला झुणक्याचा वास येतो. जास्त खरपूस भाजलेलं पीठ दाटपणा कमी देतं, कारण भाजताना पिष्ट तुटतं. पीठ बदामी रंगापुढे गेलं तर मापात अर्धा चमचा वाढवा.

गुठळ्या होतात त्या पीठ सरळ गरम रश्शात टाकल्यामुळे. बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडं अडकून पडतं. पिठाच्या तिप्पट थंड पाणी घेऊन ते कालवा, त्यात दोन पळ्या गरम रस्सा मिसळून सैल करा आणि मग धार धरून ढवळत ओता. गुठळ्या झाल्याच तर ढवळून त्या फुटत नाहीत. रस्सा गाळून घ्यायचा आणि गाळणीतल्या गुठळ्या पळीच्या पाठीने दाबून काढायच्या.

तवंग वाचवायचा असेल तर पीठ लावायच्या आधी वरचं लाल तेल पळीने वाटीत काढून ठेवा. पीठ लावा, उकळा, आच बंद करा आणि मग तेल वरून सोडा. मिसळीच्या कटाला, म्हणजे तिच्या झणझणीत रश्शाला, ही युक्ती हमखास कामी येते. अर्थात कट पातळच हवा, दाटपणा उसळीतून आणि फरसाणातून येतो. मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस बुडवायच्या असतील तर दाट कट उलट आड येतो.

चिंच, कोकम, टोमॅटो असं आंबट असलेल्या रश्शात पिष्ट फार वेळ उकळलं की तुटतं आणि दाट झालेला रस्सा पुन्हा पातळ होतो. तिथे आधी पीठ शिजवा, आंबट शेवटच्या तीन-चार मिनिटांत. बटाट्याचं पिष्ट तर नुसत्या उकळण्यानं आणि सतत ढवळण्यानंही सैल पडतं. ते घातलं की एक उकळी आणि लगेच खाली.

रस्सा कपड्याच्या खळीसारखा बुळबुळीत झाला तर कॉर्नफ्लोअर किंवा साबुदाण्याचं पीठ जास्त झालंय. पाणी घालून तो पातळ होईल, पण बुळबुळीतपणा जात नाही. तपकिरी परतून वाटलेला एक कांदा आणि कपभर गरम अळणी घालून दहा मिनिटं उकळलं तर बराच झाकला जातो.

पांढरा रस्सा फाटतो किंवा पाणचट होतो

इथे रंगाची अट असल्यामुळे निवड आणखी आखूड होते. डाळं, बेसन आणि शेंगदाणे बाद. एक लिटर पांढऱ्या रश्शाला साधारण ६०० मिली अळणी, एका मध्यम नारळाचं दूध, दहा-बारा काजू, एक मोठा चमचा खसखस आणि तेवढेच पॉलिश केलेले पांढरे तीळ. काजू नसतील तर तीन मोठे चमचे मगजबी, चार तास भिजवून. भोपळ्याच्या बियांनी हिरवट छटा येते. खसखस आणि काजू दोन्ही नसतील तर दोन मोठे चमचे मऊ शिजलेला भात घ्या आणि तिळांबरोबर गंधासारखा वाटा. आजऱ्याचा घनसाळ हा सुवासिक तांदूळ असेल तर इथे नको, त्याचा वास अळणीवर चढतो. साधा जाडा तांदूळ बरा. वाटण न भाजता, न तपकिरी करता तुपावर दोन-तीन मिनिटंच परतायचं. अळणीत हळद जास्त पडली असेल तर पुढे काहीही केलं तरी रस्सा पांढरा होत नाही. पांढऱ्यासाठी अळणी काढायची असेल तर हळद चिमूटभरच.

नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे थेंब, आणि त्यांना धरून ठेवणारी नारळातलीच प्रथिनं. ८० अंशांच्या पुढे ही प्रथिनं गोठायला लागतात, मग तेल सुटून वर येतं आणि खाली फुटक्या दुधासारखे कण दिसतात. खळखळून उकळलं, झाकण ठेवलं किंवा लिंबू पिळलं की हे आणखी लवकर होतं. डब्यातल्या दुधात स्थिर ठेवणारे घटक मिसळलेले असतात, म्हणून ते एवढ्या सहज फाटत नाही.

तेव्हा क्रम असा. अळणी आणि काजू-खसखशीचं वाटण आधी एकत्र दहा मिनिटं उकळून घ्या. त्यात नारळाचं दुसरं, पातळ दूध घाला. आच एकदम मंद करा. पहिल्या, घट्ट दुधात दोन पळ्या गरम रस्सा मिसळून ते कोमट करा आणि मग पातेल्यात ओता. कडेला बारीक बुडबुडे दिसले की बंद. घट्ट दुधात अर्धा चमचा तांदळाचं पीठ आधीच कालवलं तर फाटायची भीती बरीच कमी होते, कारण फुगलेलं पिष्ट प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. ताकाच्या कढीला बेसन लावतात तेही याच कारणासाठी.

फाटलाच तर आच बंद करा. रस्सा कोमट झाल्यावर मटणाचे तुकडे काढून घ्या, सहा-सात भिजवलेले काजू घालून रस्सा मिक्सरमधून फिरवा, गाळा आणि मंद आचेवर नुसता गरम करा. पुन्हा उकळू द्यायचा नाही.

नारळच नसेल तर नारळाच्या दुधाची पावडर पाकिटावरच्या मापाने, पाणी थोडं कमी ठेवून. काही जण इथे साधं दूध किंवा साय सुचवतात. दूध आणि मटण एकत्र न करणारी घरं आपल्याकडे बरीच आहेत, आणि चवीच्या बाजूनेही तो रस्सा कोर्म्याकडे झुकतो. त्यापेक्षा मगजबी दीडपट करून नारळाशिवायचा रस्सा केलेला परवडला. दही मात्र नको, आंबटपणाने रश्शाची सगळी जातच बदलते.

येळवणीची आमटी आणि उपवासाची आमटी

पुरणाच्या डाळीचं येळवण, म्हणजे डाळ शिजवून निथळलेलं पाणी, पातळ वाटतं कारण डाळ नीट शिजायच्या आत निथळलेली असते. एक लिटर येळवणीला तीन ते चार मोठे चमचे मऊ शिजलेली डाळ, गूळ घालण्याआधी बाजूला काढून, घोटून लावा. विसरलात आणि पुरणच उरलं असेल तर दोन मोठे चमचे पुरण चालतं, आमटीतला गूळ तेवढा कमी करा. चिंच शेवटी. ही आमटी थोडी बसतेच, वाढताना पळी तळातून फिरवायची.

उपवासाला कॉर्नफ्लोअर, बेसन, डाळं सगळंच बंद. शेंगदाण्याची आमटी पाणचट होते ती जाडसर कूट नुसतं पाण्यात टाकल्यामुळे. अर्धा लिटरला ७५ ते ८० ग्रॅम कूट, थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटून. तरीही बसत असेल तर एक चमचा शिंगाड्याचं किंवा राजगिऱ्याचं पीठ थंड पाण्यात कालवून लावा. वरीचं पीठही चालतं. आमसूल आच बंद करताना टाका. आरारूटही उपवासाला चालतं, पण दुधाच्या पदार्थात ते बुळबुळीत लागतं.

दुसऱ्या दिवशी वेगळाच दिसतो

शेंगदाणे, डाळं किंवा बेसन लावलेला रस्सा रात्रीत घट्ट होतो. तो तसाच तापवला तर तळाला लागतो. आधी अर्धी वाटी उकळतं पाणी घालून हलवा, मग गॅसवर ठेवा. कॉर्नफ्लोअरचा रस्सा फ्रिजमध्ये पाणी सोडतो, आणि फ्रीझरमध्ये ठेवून काढला तर फारच वाईट, पाणी वेगळं आणि स्पंजासारखे गोळे वेगळे. फ्रीझ करायचंच असेल तर पीठ न लावता करा. त्याहून सोयीचं म्हणजे परतलेलं वाटण फ्रीझ करा.

दाट असलेला रस्सा फ्रिजमध्ये पाण्यासारखा झाला आणि कारण सापडत नाही, तर चव घेतलेली पळी परत पातेल्यात गेली असेल. लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य पिष्टाचे तुकडे करतं, आणि रस्सा उकळत नसेल तेव्हा ते काम करत राहतं. चव घ्यायची ती तळहातावर किंवा वेगळ्या चमच्याने.

पांढरा सॉस, मंच्युरियन

पोरांच्या पास्त्याला एक कप म्हणजे २४० मिली दुधासाठी मध्यम दाटपणाला दोन मोठे चमचे लोणी आणि दोन मोठे चमचे मैदा. मैदा नसेल तर तेवढंच तांदळाचं पीठ. कणीक चालते, पण रंग मळकट येतो आणि दोन मिनिटं जास्त परतावी लागते. म्हशीचं न काढलेलं दूध असेल तर पाव कप पाणी मिसळा, नाहीतर सॉस गार होता होता गोळा होतो. मंच्युरियनच्या चकाकीसाठी कॉर्नफ्लोअरच्या जागी आरारूट उत्तम. बेसन आणि मैद्याने चकाकी येत नाही.

मोठ्या पंगतीचा रस्सा

आषाढात कोल्हापूरच्या त्र्यंबोली देवीच्या यात्रेला किंवा घरच्या जत्रेला एक किलोची कृती पाचपट करतात आणि रस्सा हमखास पातळ होतो. वाफ जाते ती पृष्ठभागावरून. खोल डेगीत रस्सा पाचपट असला तरी तोंड पाचपट रुंद नसतं, त्यामुळे आटणं प्रमाणात कमी होतं. पाणी पाचपट न घेता चौपटीने सुरुवात करा, उरलेलं उकळतं ठेवा आणि लागेल तसं घाला. वाटणही एका भांड्यात सगळं परतू नका. थर जाड झाला की ते तळण्याऐवजी स्वतःच्या वाफेत शिजतं आणि तेल सुटायचं नावच घेत नाही. दोन-तीन घाणे करा, प्रत्येक घाण्याचं तेल सुटलेलं बघूनच ते डेगीत घाला.